अक्षरं येतात, मग वाचन का येत नाही?

'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाची वाचनचाचणी एका कागदावर मावते. काही सुटी अक्षरं, काही साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट. २००५पासून ठिकठिकाणचे स्वयंसेवक हा कागद घेऊन खेड्यापाड्यांतल्या घरांत जातात, मुलाला समोर बसवतात आणि ते कुठवर पोचतं ते टिपून घेतात. २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ साली हाच आकडा १६.३ होता, त्यामुळे या वाढीचं कौतुकही झालं. पाचवीत, सरकारी-खासगी सगळ्या शाळा धरून, हे प्रमाण ४८.८ टक्के आहे. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन इयत्ता मागची गोष्ट वाचता येत नाही. आणि हे सगळं करोनाच्या माथी मारता येत नाही. २०१८ साली, शाळा बंद पडण्याच्या आधी, पाचवीचा आकडा ५०.५ होता.

ही मुलं शाळेत जातात. हजेरीपटावर त्यांची नावं आहेत, वह्या भरलेल्या आहेत, अक्षर बऱ्याचदा वळणदार आहे. फळ्यावरचा धडा ती बिनचूक उतरवून घेतात आणि आपणच उतरवलेली ओळ वाचून दाखवायला सांगितली की गप्प होतात. गुरुजींना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : 'अक्षरओळख आहे, वाचन कच्चं आहे.' अक्षरओळख आणि वाचन यांच्यामधल्या या जागेत नेमकं काय घडतं, ते शिकवायच्या पद्धती कोणत्या, त्यांच्याबद्दल आज काय कळलं आहे आणि साधनं म्हणून आपण वर्गात काय आणून ठेवलं आहे, याचा हा आढावा.

आधी परदेशातल्या भांडणाबद्दल थोडक्यात, कारण त्याचे पडसाद आपल्याकडच्या प्रशिक्षणांत सतत उमटतात. इंग्रजी वाचायला शिकवताना अक्षरांचे आवाज आधी शिकवायचे, की पूर्ण शब्द आणि अर्थपूर्ण गोष्टी समोर ठेवायच्या, यावर अमेरिकेत पाऊण शतक जुंपलेली आहे. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ साली शब्द पाहून ओळखायला लावणाऱ्या पद्धतीवर झोड उठवली. १९६७ साली जीन चॉल यांनी तोवरचं संशोधन चाळून आवाजांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन म्हणजे संदर्भावरून लढवलेले अंदाज आहेत अशी मांडणी केली आणि पुढची दोन-तीन दशकं तिचा बोलबाला राहिला. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय समितीने आणि २००६ साली इंग्लंडमधल्या रोझ अहवालाने आवाज पद्धतशीरपणे शिकवायलाच हवेत असं सांगितलं. वादाचा निकाल तिथे बराचसा लागलेला आहे. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट मात्र गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ साली सांगितली : आकलनासह वाचन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार. दोहोंतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

आपल्याकडे हा वाद जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही, कारण इंग्रजीतली मोठी अडचण मराठीत नाही. इंग्रजीत एकाच अक्षराचे पाच आवाज आणि एकाच आवाजाची पाच रूपं असतात. देवनागरीत खूण पाहिली की आवाज जवळपास ठरलेला. म्हणूनच 'मराठी काय, बोलतो तशी लिहितो' असं आपण सहज म्हणून टाकतो आणि मराठी वाचायला शिकवण्यात शिकवण्यासारखं काही नाही असं मानून मोकळे होतो. इंग्रजी शब्दांच्या आवाजांसाठी रंगीत संच विकत घेणारी शाळा मराठीसाठी एक तक्ता टांगते.

सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून ही लिपी पाहिली तर ती इतकी साधी दिसत नाही. मुळाक्षरं पन्नासेक, हे ठीक. पण मुलाला वाचायची असतात ती मुळाक्षरं नव्हेत, स्वरचिन्हं लागलेली अक्षरं. २००९च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ धरून बाराखडीची चौदाखडी झाली. प्रत्येक व्यंजनाची चौदा रूपं धरली तर चारशेहून जास्त आकार होतात आणि जोडाक्षरं त्यावर वेगळी. काना उजवीकडे लागतो, मात्रा वर, उकार खाली. पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी लिहायची आणि त्याच्यानंतर उच्चारायची. डोळा डावीकडून उजवीकडे चाललेला असताना आवाज मात्र उलट क्रमाने काढायचा, हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. 'र'ची तऱ्हा आणखी न्यारी. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये पायाशी उलटी खूण होतो आणि 'दऱ्या'मध्ये आडवा पडतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांच्यात समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा इतकं अंतर आहे.

त्यात अक्षरांचे आवाजही मुलाला वाटतात तितके इमानदार नसतात. 'ग-व-त' असं तीन सारख्या ठोक्यांत म्हटलं की 'गवत' होत नाही. शेवटच्या 'त'मधला 'अ' गिळावा लागतो. 'करतो' लिहायचं आणि 'कर्तो' म्हणायचं. 'चमचा'तला च वेगळा, 'चहा'तला वेगळा. 'जाळं' आणि 'जहाज' यांचं तेच. अनुस्वार तर 'आंबा'त म् होतो, 'अंक'मध्ये ङ् आणि 'सिंह'मध्ये तिसरंच काही. ज्याच्या कानावर प्रमाण मराठी भरपूर पडलेली आहे ते मूल हे खाचखळगे आपसूक भरून काढतं. ज्याच्या कानावर ती पडलेली नाही त्याला कुणीतरी दाखवावे लागतात.

आता वर्गातलं एक नेहमीचं दृश्य जवळून पाहू. दुसरीतली मुलगी 'मुलगा' हा शब्द वाचते आहे. बोट शब्दाखाली. ती म्हणते, 'म-ला पहिला उकार मु, ल, ग-ला काना गा.' बाई म्हणतात, 'शाब्बास, मग काय झालं?' मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिसऱ्या खेपेला ती 'मामा' म्हणते, कारण सुरुवात म-ने झालेली तिच्या लक्षात आहे आणि चित्रात एक माणूस आहे. या मुलीला प्रत्येक खूण ओळखू येते. तिला शिकवलेली नाही ती गोष्ट म्हणजे खुणांची नावं सोडून आवाज पकडणं आणि ते आवाज एका दमात जोडणं. 'ग-ला काना गा' हे लेखनाचं वर्णन आहे, ते वाचन नव्हे. त्या वर्णनाच्या आठ-दहा आवाजांत 'मुलगा'चे तीन आवाज बुडून जातात. अक्षर पाहताच सरळ 'मु' म्हणायची सवय पहिल्या महिन्यापासून लावली तर पुढची अर्धी लढाई वाचते. माझ्या मते खुणांची नावं म्हणत बसण्याची ही मराठी शाळांतली सगळ्यात महागात पडलेली सवय आहे आणि ती मोडायला एक पैसाही लागत नाही.

ही सवय आली कुठून, हे समजण्यासारखं आहे. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवायचं आणि मोठ्याने घोकायचं, आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरं आणि शेवटी, मूल तोवर टिकलं तर, पोथी किंवा मोडीतला कागद. इंग्रजी अमलात मेजर कँडींच्या देखरेखीखाली मराठीची क्रमिक पुस्तकं आली, पुढे आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने धड्यांत रंग भरला, १९६७ साली पुण्यात 'बालभारती' स्थापन झाली. पुस्तकं बदलली, पहिलीच्या वर्गातली घोकंपट्टी मात्र फारशी हलली नाही. वळणाला सोपी अक्षरं आधी घ्यायची म्हणून 'गमभन' आलं, ते लेखनाच्या सोयीचं होतं. अक्षरंच फक्त शिकवलेली, काना-मात्रा नाही, अशा अवस्थेत मुलाला वाचायला देणार काय? नळ, कमळ, बदक, गवत. त्यातून वाक्यं तयार होतात तीही तशीच : कुणीतरी सरळ उभा राहून कमळ बघतो.

या क्रमाला छेद देणारी कल्पना म्हणजे अक्षरांचे छोटे गट. चार-पाच व्यंजनं आणि त्यांच्याबरोबर लगेच एखादं-दुसरं स्वरचिन्ह घ्यायचं. क, म, न, ल आणि काना एवढ्या सामग्रीत मामा, काका, नाना, नाक, कान, मान, लाल, काल, कमान असे शब्द निघतात. पंधरवड्याच्या आत मूल स्वतःच्या घरातलं माणूस कागदावर वाचतं. पुढच्या गटात वेलांटी आली की 'काकी', 'मामी', 'नानी' हजर. फलटणला येऊन स्थायिक झालेल्या आणि तिथे कमला निंबकर बालभवन उभं करणाऱ्या भाषावैज्ञानिक मॅक्सीन बर्नसन यांनी मराठीच्या अंगाने वाचन शिकवण्याचा विचार नेटाने पुढे नेला. मूल स्वतः जे बोलतं ते लिहून घ्यायचं आणि तेच त्याला वाचायला द्यायचं, ही त्याची दुसरी बाजू. पुढे पाठ्यपुस्तकांनीही वर्णसमूहांची ही वाट धरली.

मग प्रश्न सुटायला हवा होता. तो का सुटला नाही, याचं उत्तर देणारा मराठीतला महत्त्वाचा अभ्यास पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात झाला. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११पासून वाड्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणारी तीच ती मुलं पहिलीपासून तिसरीपर्यंत पाहिली. त्याचा अहवाल २०१७ साली आला. भारतीय लिपी शिकण्यावर वर्गात बसून इतका दीर्घ अभ्यास आपल्याकडे क्वचितच झाला आहे. त्यातून दिसलं ते असं की पाठ्यपुस्तक गृहीत धरतं त्या वेगाने मुलं लिपी शिकत नाहीत. तिसरी संपताना कितीतरी मुलांची काना-मात्रेसह अक्षरंही पक्की नव्हती, मग जोडाक्षरांचं काय बोलावं. त्याआधी सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेलं काम २००७ साली प्रसिद्ध झालं होतं. अक्षरांवर आधारलेल्या लिपी शिकायला मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागू शकतो, हे त्यातून पुढे आलं होतं.

धोरणकर्त्यांनी भिंतीवर टाचून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. इंग्रजीतले आवाज पहिली-दुसरीत आटोपतात म्हणून आपणही लिपी पहिलीत आटोपतो. पहिलीच्या शेवटी 'मुळाक्षरं आणि बाराखडी पूर्ण' असं टाचणवहीत लिहिलं जातं आणि दुसरीत कुणी अक्षर शिकवत नाही. तिसरीच्या पुस्तकात 'आश्चर्य', 'कर्तृत्व', 'स्वच्छता' येतात आणि ते वाचायचे कसे हे त्या मुलाला कुणीही, कधीही, सावकाश दाखवलेलं नसतं. जोडाक्षरं हा तिसरी-चौथीतला रीतसर अभ्यासविषय असायला हवा. रोज दहा मिनिटं, एका दिवशी एकच जोडी, तिचे दहा शब्द.

वाड्याच्या अभ्यासाची दुसरी बाजू तितकीच बोचरी आहे. अक्षरांमागे लागलेल्या वर्गांत अर्थाचं काम जवळपास होतच नव्हतं. गोष्टीवर बोलणं नाही, अंदाज बांधणं नाही, मनातलं लिहिणं नाही, अनुलेखन मात्र भरपूर. म्हणजे लिपीही अर्धवट आणि अर्थही नाही. अक्षर आधी की अर्थ आधी, या भांडणात दोन्ही पक्षांनी एकमेकांना खोडण्यात वेळ घालवला. शिक्षणमंत्रालयाच्या २०२२च्या पायाभूत स्तर आराखड्यात मौखिक भाषा, शब्दवाचन, वाचन आणि लेखन हे चारही भाग रोजच्या रोज घ्या असं सांगितलं आहे, ते रास्तच आहे. कागदावर आपण आता बरोबर ठिकाणी आहोत.

मौखिक भाषेचा मुद्दा मात्र कागदावरून वर्गात उतरताना सगळ्यात आधी गळतो, आणि त्याचा फटका बसतो तो वारली, कातकरी, कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी ही त्याच्यासाठी नवी भाषा असते. त्याने 'नळ' बिनचूक वाचला तरी गफ-टनमर यांच्या गुणाकारातली दुसरी संख्या शून्यच राहते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, मुलं जिथे होती तिथे शाळा नेली आणि त्यांच्या बोलण्यातून शिकवणं सुरू केलं. वाड्याजवळ सोनाळ्याहून काम करणाऱ्या 'क्वेस्ट' या संस्थेने त्याच पट्ट्यात पुढचं काम उभं केलं आहे. त्यांच्या 'गोष्टरंग' या उपक्रमात कलाकार आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकातली गोष्ट नाटकासारखी सादर करतात आणि मग तेच पुस्तक मुलांच्या हातात देतात. गोष्ट आधी डोळ्यांनी-कानांनी कळलेली, आता ती अक्षरांत शोधायची. लिपी अजून कच्ची असलेल्या मुलालाही पुस्तकाचा पहिला घास गोड लागावा, ही त्यामागची जाण अस्सल आहे. गोव्यातल्या मराठी शाळांत कोकणी बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलांनाही हेच लागू पडतं. भाषा जवळच्या आहेत म्हणून शिक्षकाला अंतर दिसत नाही, एवढाच फरक. २०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीच्या सक्तीचा निर्णय निघाला आणि जूनअखेरीस मागे घेतला गेला. त्या दोन-अडीच महिन्यांत पहिलीतल्या मुलाच्या भाषेवर जितकं बोललं गेलं, त्याच्या एक दशांशही मूल मराठी तरी वाचतं का, यावर बोललं गेलं नाही.

आता मागे पडलेल्या मुलांकडे वळू, कारण पद्धतींच्या चर्चेत सर्वाधिक पुरावा जमा आहे तो इथे. मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास बाजूला घेऊन पायाचं शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर चाचणी घेतली आणि फायदा स्पष्ट दिसला. यातूनच 'पातळीप्रमाणे शिकवणं' ही रीत तयार झाली : तिसरी ते पाचवीच्या मुलांची ती एक पानी चाचणी घ्यायची, इयत्ता विसरून अक्षरवाल्यांचा, शब्दवाल्यांचा, उताऱ्यावाल्यांचा असे गट करायचे आणि रोज ठरावीक वेळ त्या त्या गटाला त्याच्या पुढच्या पायरीचं शिकवायचं. गट दर काही आठवड्यांनी बदलतात. गोष्ट मोठ्याने वाचणं, बाराखडीच्या तक्त्यावर उड्या मारत शब्द बांधणं, गप्पा, मनातलं लिहिणं हे सगळ्याच गटांत.

बॅनर्जी-डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं तेव्हा या कामाचा उल्लेख झाला. पण आपल्या कामाचे आहेत ते त्यांचे फसलेले प्रयोग. बिहार आणि उत्तराखंडात २००८च्या सुमारास सरकारी शाळांना साहित्य दिलं, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. शालेय वर्षात मुलांच्या वाचनात फारसा फरक पडला नाही. तेच बिहारचे सरकारी शिक्षक उन्हाळी शिबिरात मात्र मुलांना वाचतं करून दाखवत होते. शिक्षक तेच, साहित्य तेच. फरक इतकाच की उन्हाळ्यात पाठ्यपुस्तक संपवण्याचं ओझं नव्हतं. पुढे हरियाणात रोजचा एक तास वेळापत्रकात यासाठीच राखून ठेवला, मुलांची पातळीप्रमाणे बसण्याची व्यवस्था केली आणि शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः वर्गात शिकवायला लावून मग देखरेखीला पाठवलं, तेव्हा परिणाम दिसला. उत्तर प्रदेशात १०-२० दिवसांच्या शिबिरांचे परिणाम तर फारच ठळक होते.

याचा अर्थ मला असा दिसतो की मुलांना वाचन न येण्याचं सर्वांत मोठं कारण पद्धतीत नाही, वेळापत्रकात आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २४व्या कलमाने ठरावीक मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. त्याच कलमात मुलाची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हेही कर्तव्य आहे. पण तपासायला येणारा अधिकारी पहिल्याची चौकशी करतो, दुसऱ्याची क्वचित. तिसरीच्या वर्गात पाच मुलं गोष्ट वाचणारी, सात शब्दांवर अडलेली, आठ अक्षरांवर अडलेली; आणि धडा चालला आहे पाचांसाठी. द्विशिक्षकी शाळेत तर याच खोलीत आणखी एक इयत्ता बसलेली असते. वास्तविक अशा शाळेत इयत्ता मोडून पातळीप्रमाणे बसवणं सोपं आहे, एकत्र तर मुलं आधीच बसलेली आहेत. कर्नाटकात हेग्गडदेवनकोटेला १९९५ साली सुरू झालेल्या 'नली-कली' या उपक्रमाने बहुवर्गाची अडचण हीच सोय मानली.

महाराष्ट्रातही खटपट कमी झालेली नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी फरशीवर, भिंतीवर, दोऱ्यांवर अक्षरं-शब्द मांडून मुलांना ती हाताळायला दिली, तेव्हा राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे लागल्या. २०१५च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय निघाला. आता केंद्राच्या 'निपुण भारत'चं उद्दिष्ट आहे की २०२६-२७पर्यंत प्रत्येक मूल तिसरी संपताना समजून वाचेल. अशा लाटांचं एक दुखणं असतं. कुमठ्याला जाऊन आलेल्या पुष्कळ शाळांनी फरशी रंगवून घेतली. मुलांना आपापसात बोलत शिकू देण्याची तिथली रीत मात्र रंगाच्या डब्यातून आणता येत नव्हती.

साधनांचा विषय इथून सुरू होतो. शाळेत 'शैक्षणिक साहित्य' भरपूर दिसतं : बोलक्या भिंती, तक्ते, शब्दपट्ट्या, अक्षरकार्डं, भाषापेटी, लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, सौरपॅनेल, टॅब. यांतलं वाचन शिकवायला खरोखर उपयोगी काय? अक्षरकार्डं, जर ती मुलांच्या हातात असतील. तक्ता, जर मूल त्याच्यापाशी जाऊन बोट ठेवत असेल आणि तो छताजवळ नसेल. टॅबवरच्या अक्षरओळखीच्या खेळाने मूल गुंतून राहतं, पण त्याने चुकीचं वाचलं तर तो ऐकत नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलाला ऐकणारा कान लागतो आणि वाचायला पुस्तक लागतं. या दोन्हींची टंचाई आहे.

पुस्तकांची टंचाई आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, ही चांगली बातमी. 'बालभारती'चं 'किशोर' १९७१पासून निघतं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं काढली, आणि लहान मुलाच्या बोलण्याची मराठी छापील पानावर आली. त्यांच्या 'वाचू आनंदे'ने थोड्या मोठ्या मुलांपुढे उत्तम मराठी साहित्य आणि चित्रकला एकत्र ठेवली. 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' २०१५मध्ये सुरू झालं. तिथे मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, फुकट उतरवून घेता येतात, छापताही येतात. टाटा ट्रस्ट्सचा 'पराग' उपक्रम आणि गोव्यातलं 'बुकवर्म' यांनी शाळेतलं ग्रंथालय चालवायचं कसं याचं रीतसर शिक्षण देण्याचं काम केलं.

एक पोकळी मात्र ठसठशीत आहे. मूल जी अक्षरं शिकलं आहे त्यांतच लिहिलेली, तरीही गोष्ट म्हणून वाचावीशी वाटणारी छोटी पुस्तकं मराठीत फार थोडी आहेत. हिंदीत एनसीईआरटीने २००८ साली 'बरखा' मालिका काढली, चार पातळ्यांची चाळीस पुस्तकं, त्याच त्या मुलांच्या घरगुती गोष्टी. तिच्यात अक्षरांचं बंधन नाही, पण चढती पातळी आहे आणि पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं आहेत. मराठीतल्या चांगल्या बालसाहित्यिकांना हे काम कमी प्रतीचं वाटत असावं. वीस अक्षरांत मजेदार गोष्ट लिहिणं हे वृत्तात कविता लिहिण्याइतकं कसबाचं काम आहे. कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

आणि जी पुस्तकं आहेत ती कपाटात आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय, वर्तमानपत्र, नियतकालिकं आणि गोष्टीची पुस्तकं द्यायला सांगितली आहेत. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला त्यासाठी वर्षाला पाच हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पुस्तकं येतात, दप्तरी नोंद होते आणि पान फाटलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीने कुलूप लागतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी ती सतरंजीवर मांडली जातात, फोटो निघतो, संध्याकाळी परत कपाटात. पुस्तक फाटणं हा वापराचा पुरावा मानून ते निर्लेखित करण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला सहज मिळायला हवा. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टीची पुस्तकं आणून वर्गाचं वाचनालय करतो. त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली.

पुस्तक हातात असलं की बाईंनी करायचं काय, हेही शिकून घ्यावं लागतं. प्रकट वाचन म्हणजे धडा मोठ्याने म्हणणं नव्हे. बाई मुखपृष्ठ दाखवतात, 'ही मुलगी कुठे निघाली असेल?' म्हणून थांबतात. वाचताना ओळीखालून बोट फिरतं. अर्ध्यावर पुस्तक मिटून 'आता काय होईल?' विचारतात आणि आलेली सगळी उत्तरं ऐकून घेतात, चूक-बरोबर न ठरवता. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा, पण पुन्हा पुन्हा येणारी ओळ आता मुलं म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्या ओळीतले दोन शब्द फळ्यावर येतात आणि त्यांच्यातली अक्षरं सुटी होतात. एका पुस्तकात मौखिक भाषा, लिपी, वाचन आणि लेखन यांचा आठवडा निघतो.

मोजमापाबद्दल एक सावधगिरी. निपुणच्या उद्दिष्टात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं आहे. ओघ महत्त्वाचा आहेच. अडखळत वाचणाऱ्याला ओळीच्या शेवटी सुरुवात आठवत नाही. पण मराठी शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं चिकटतात. 'घरासमोरच्या' हा एक शब्द, हिंदीत त्याचे चार होतात. सगळ्या भाषांना एकच शब्दसंख्या लावणं म्हणूनच योग्य नाही, आणि एनसीईआरटीने २०२२च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात भाषावार वेगळे मापदंड काढले ते बरं झालं. तरी घड्याळ लावून वाचन घेण्याची हौस काही ठिकाणी इतकी वाढली आहे की मुलं उतारा पाठ करतात. वेग मोजणाऱ्याने लगेच एक प्रश्न अर्थाचाही विचारावा.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते पहिली-दुसरीच्या शिक्षकापाशी. त्याच्या पदविकेत भाषा शिकवण्याची तत्त्वं होती, पण पहिली वेलांटी कशी शिकवायची हे बहुधा नव्हतं. शाळेतला सगळ्यात अनुभवी शिक्षक सहसा वरच्या वर्गाला दिला जातो आणि पहिलीला नवखा. तो पहिली शिकून तयार होतो तोवर त्याची बदली होते. मधल्या काळात मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, शालेय पोषण आहाराचे हिशेब. याच शिक्षकाला वर्षाला चार नव्या उपक्रमांची परिपत्रकं पाठवण्याऐवजी एक सलग तास, चाळीस पुस्तकं आणि दोन वर्षं तोच वर्ग दिला, तर आज ज्ञात असलेल्या पद्धतींपैकी कोणतीही बरी पद्धत चालेल.

वाचकांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं कदाचित या शाळांत नसतील, पण गावाकडची शाळा तर आहे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि कायद्याने तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीत आपल्या ओळखीचं कुणीतरी असतंच. पुढच्या सभेत त्यांना रंगरंगोटीचा आणि टीव्हीचा विषय थोडा मागे ठेवायला सांगा. तिसरीतल्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते, एवढं विचारायला सांगा, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेही.